नऊ फिर्यादी, एक फाटा

अपघाताच्या फिर्यादीची भाषा ठरलेली असते. ‘यातील आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून...’ पोलीस ठाणे कुठलेही असो, वाक्य साधारण हेच. बदलतात ती नावे, गाडीचा नंबर आणि तारीख. यात ठाणे अंमलदाराचा आळस नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १०६ खाली गुन्हा दाखल करायचा तर हयगय नोंदवावीच लागते. जुन्या दंड संहितेत २७९ आणि ३०४-अ ही कलमे होती, तेव्हाही तेच होते. फिर्याद न्यायालयासाठी लिहिलेली असते आणि न्यायालयाला एका गोष्टीत रस असतो : दोष कोणाचा?

रस्ता सुधारणाऱ्या अभियंत्याला त्याच कागदातून वेगळे काही हवे असते. गाडी कुठून कुठे चालली होती? उजेड होता का? समोरचा किती अंतरावरून दिसत होता? आणि मुख्य म्हणजे, असाच अपघात इथे पूर्वी झाला होता का? चालकाला शिक्षा झाली तरी रस्ता होता तसाच राहतो, आणि उद्या त्याच वळणावर दुसरा चालक येणार असतो. अपघातांच्या नोंदींवरून रस्त्यातला धोका हुडकण्याचे शास्त्र या दुसऱ्या प्रश्नांवर उभे आहे.

हे काम कसे चालते ते बघायला एक कल्पित फाटा घेऊ. समजा, मुळशी तालुक्यात पुणे–पौड रस्त्याला एका बाजूने गावाचा रस्ता येऊन मिळतो. तीन वर्षांत तिथे नऊ गंभीर अपघात झाले. नऊ फिर्यादी, निरनिराळे तपास अंमलदार, नऊ वेगळी प्रकरणे. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी चोख निकाली निघाले आहे. कुठे ट्रकचालकावर दोषारोपपत्र गेले, कुठे मयत दुचाकीस्वाराचीच चूक धरली गेली.

आता हे नऊ कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकातून फक्त सहा गोष्टी टिपा : वार, वेळ, वाहनांचे प्रकार, कोण कुठून येत होते, धडक कशी बसली, उजेड किती होता. मग कागदावर फाट्याचा नकाशा काढून प्रत्येक अपघात बाणांनी दाखवा. अभियंते याला धडकेचा आराखडा म्हणतात. आपल्या कल्पित फाट्यावर नऊपैकी सहा बाण एकमेकांवर येतात. गावातून येऊन उजवीकडे वळणारी दुचाकी आणि घाटाच्या बाजूने उतारावरून येणारे वाहन. सहापैकी पाच वेळा संध्याकाळी सातनंतर. उरलेले तीन अपघात तीन तऱ्हांचे आहेत, त्यांच्यात काही साम्य नाही. म्हणजे ते तीन कदाचित योगायोगाचे, पण हे सहा नाहीत.

यानंतर खुर्चीतून उठावेच लागते. संध्याकाळी सातला, गावाकडून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या उंचीवर डोळे ठेवून त्या फाट्यावर उभे राहायचे. उजवीकडे पाहिले की काय दिसते? चहाची टपरी, तिच्यापुढे लावलेले दोन टेम्पो, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आणि वर बंद पडलेला दिवा. टेप धरून मोजले तर उतारावरून येणारी गाडी जेमतेम ५० मीटरवर आल्यावर दिसते. भारतीय रस्ते महासभेच्या मानकांप्रमाणे ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला चालकाच्या लक्षात येऊन, ब्रेक लागून, पूर्ण थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. ८० वेग असेल तर १२० मीटर. दिसते ५० मीटर आणि लागतात ८० मीटर. हा ३० मीटरचा तुटवडा कोणाही चालकाच्या सावधपणाने पुरता भरून निघत नाही.

इथे उपायही आपोआप समोर येतो. फ्लेक्स काढा, फाट्याच्या तोंडाशी वाहने उभी करायला बंदी घाला, दिवा लावा, उतारावर रंबलर पट्ट्या टाका, गावाच्या रस्त्यावर मुख्य रस्त्याला लागण्याआधी गतिरोधक करा. एकाही कामाला मोठी निविदा लागत नाही. त्याऐवजी नुसते ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ असे फलक लावले असते, तर बातमी झाली असती आणि तुटवडा तिथेच राहिला असता.

धडकेचा प्रकार हाच बहुतेक वेळा रस्त्याच्या दुखण्याचा पत्ता देतो. समोरासमोर धडका होत असतील तर ओव्हरटेक करण्याचा मोह पाडणारा, पण पुढचे न दाखवणारा भाग शोधायचा. मागून धडका होत असतील तर रस्त्याकडेला बिनदिव्याचे उभे राहणारे ट्रक, अचानक येणारा गतिरोधक किंवा वाहनांच्या वेगातला फरक बघायचा. काटकोनात धडक बसत असेल तर चौक तपासायचा. एकटेच वाहन रस्ता सोडून जात असेल तर वळणाचा बाक, रस्त्याचा ढाळ, खचलेली साइडपट्टी आणि नसलेला कठडा. पादचारी सापडत असतील तर बसथांबा, शाळा, कंपनीचे गेट, आणि लोक खरोखर कुठून ओलांडतात ती वाट.

आता खऱ्या मुळशीकडे येऊ. चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, भुकूम करत पिरंगुटचा छोटा घाट उतरतो, घोटावडे फाटा मागे टाकून पौडला पोहोचतो आणि तिथून मुळशी धरणाच्या पाण्याला वळसा घालत ताम्हिणी घाटाने कोकणात माणगावला उतरतो. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग ७५३-एफ. प्रत्यक्षात एकाच डांबरावर चार-पाच प्रकारची वाहतूक चालते. खडी-मुरूम वाहणारे डंपर, पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांच्या बस आणि शिफ्ट सुटल्यावर निघणाऱ्या दुचाक्या, लवळ्याच्या कॉलेजांचे विद्यार्थी, भूगाव-भुकूमच्या नव्या सोसायट्यांतून रोज पुण्याला जाणारे नोकरदार, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीचे धबधबे गाठायला निघालेले शहरी पर्यटक. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आणि माण. तिथे आयटी पार्कची गर्दी आणि बांधकामांची अवजड वाहने एकाच अरुंद रस्त्यावर येतात. जानेवारी २०२५ मध्ये तिथे काँक्रीट मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणींचा जीव गेला.

अशा तालुक्याची वर्षाची एकूण बेरीज घेऊन काही हाती लागत नाही. हिंजवडीचा धोका कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेला बघायचा, पिरंगुटचा शिफ्ट बदलताना आणि ताम्हिणीचा जुलै-ऑगस्टच्या रविवारी, धुके आणि पाऊस असताना. वार, तास आणि महिना हे तीन रकाने वेगळे केल्याशिवाय सरासरी तिन्ही ठिकाणांबद्दल दिशाभूल करते. उपायही वेगळे निघतात. एका जागी अवजड वाहनांना ठरावीक तासांत बंदी उपयोगी पडेल, दुसऱ्या जागी ती निरर्थक ठरेल.

नोंदी एकत्र आणणे हेच मुळशीत पहिले अवघड काम आहे. हिंजवडी आणि बावधन ही पोलीस ठाणी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात. हे आयुक्तालय २०१८ मध्ये सुरू झाले. पौडचे ठाणे पुणे ग्रामीणमध्ये. चांदणी चौकाच्या अलीकडे पुणे शहर पोलिसांची हद्द. ताम्हिणीचा उतार संपताना रायगड जिल्हा आणि माणगाव. २० डिसेंबर २०२४ रोजी पुण्याहून लग्नाला निघालेली खासगी बस ताम्हिणी घाटात उलटून पाच जण गेले. हा अपघात रायगडच्या खात्यावर मांडला गेला. घाट एकच, वाहतूक एकच, पण पुणे जिल्ह्याचे आकडे बघणाऱ्याला तो दिसणारच नाही. रस्त्यांच्या मालकीचीही तीच गत : महामार्गाचे एक खाते, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद, पीएमआरडीए, एमआयडीसी. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अपघात झाले तर दोन्ही याद्यांत ती जागा किरकोळ ठरते. नकाशावर ते सहा असतात.

फिर्यादीत घटनास्थळ लिहिण्याची रीतही इथे आडवी येते. ‘मौजे अमुक गावच्या हद्दीत, तमुक हॉटेलसमोर.’ गावाची हद्द दोन-तीन किलोमीटर पसरलेली असते आणि हॉटेलची पाटी दर दोन वर्षांनी बदलते. न्यायालयाला एवढा पत्ता पुरतो. पाचशे मीटरचा धोकादायक तुकडा शोधणाऱ्याला तो पुरत नाही.

या अडचणीवर देशपातळीवर जे उत्तर निघाले त्याचे नाव आयरॅड, म्हणजे एकात्मिक रस्ते अपघात माहितीकोश. आयआयटी मद्रासने ही प्रणाली घडवली, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती राबवली, आणि सुरुवातीला ज्या सहा राज्यांत ती आणली गेली त्यांत महाराष्ट्र होता. आता ती ई-डार नावाने देशभर वापरात आहे. अपघातस्थळी गेलेला पोलीस मोबाइलवर नोंद उघडतो, अक्षांश-रेखांश आपोआप पडतात, फोटो जोडले जातात. मग तीच नोंद रस्त्याच्या अभियंत्याकडे, परिवहन खात्याकडे आणि रुग्णालयाकडे जाते आणि जो तो आपापला भाग भरतो. कल्पना उत्तम आहे. पण तिचा कस अंमलदार मोबाइल कुठे उघडतो यावर अवलंबून आहे. रस्त्यावर उघडला तर ठिपका रस्त्यावर पडतो. वाहतूक मोकळी करून, जखमींना पाठवून, ठाण्यात परतल्यावर नोंद केली आणि जागा नीट दुरुस्त केली नाही, तर अपघात ठाण्याच्या आवारात झाल्यासारखा दिसतो. म्हणून विश्लेषणाचे पहिले पाऊल कंटाळवाणे असते : रस्त्यापासून दूर पडलेले ठिपके शोधायचे, स्थळ पंचनाम्याशी ताडून बघायचे आणि जागेवर आणायचे.

ठिपके पडले की घोळके दिसतात. कोणत्या घोळक्याला ब्लॅक स्पॉट म्हणायचे याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील, किंवा एकूण १० माणसे दगावली असतील, तर तो ब्लॅक स्पॉट. व्याख्या सोपी आहे, तिच्यामुळे यादी करता येते आणि निधी मागता येतो. पण तिच्या आधाराने निष्कर्ष काढताना काही खाचखळगे आहेत.

पहिला खळगा वाहतुकीच्या ओझ्याचा. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. यावरून वळणे सुरक्षित आणि सरळ रस्ता घातक असे कोणी म्हणाले तर? देशातला बहुतेक रस्ता सरळच आहे आणि बहुतेक गाड्या बहुतेक वेळ सरळ रस्त्यावरच असतात. अपघातांचा आकडा नेहमी कशाने तरी भागावा लागतो : किती किलोमीटर, किती वाहने, किती तास. भूगावात ताम्हिणीपेक्षा अपघात जास्त दिसतील, कारण तिथून जाणारी वाहनेच कितीतरी पट आहेत. एका गाडीमागचा धोका मात्र घाटात मोठा असू शकतो. पैसा कुठे घालायचा हे ठरवताना दोन्ही आकडे लागतात. एक सांगतो सर्वाधिक माणसे कुठे वाचतील, दुसरा सांगतो रस्ता कुठे सर्वाधिक बिघडला आहे.

दुसरा खळगा जागेचा. ठिपका पडतो तिथे कारण असतेच असे नाही. याचा धडा मुळशीपासून फार लांब नसलेल्या नवले पुलाने दिला आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला मुंबई–बेंगळुरू महामार्ग काही किलोमीटर सलग उतरत नवले पुलाजवळ शहराच्या गर्दीत शिरतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने सुरू झालेल्या साखळी अपघातात ४८ वाहने सापडली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा तिथेच कंटेनरने वाहनांना उडवले, आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. सगळे ठिपके पुलापाशी आहेत, पण अपघाताची सुरुवात वर बोगद्याच्या तोंडाशी होते. लांब उतारावर अवजड गाडी सतत ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापून पकड सोडतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडली तर इंजिनाचा आधार जातो. इंजिनच बंद केले तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. म्हणून उपाय पुलाच्या वर, उतारावर लागतात : बोगदा संपताच खालच्या गिअरची सक्ती, वेगाची मोजणी, रंबलर, आणि ब्रेक गेलेल्या गाडीला शिरून थांबता येईल असा खडीचा आडमार्ग. घाटातल्या कुठल्याही ठिपक्याकडे बघताना नजर चढाच्या दिशेने मागे न्यावी लागते.

तिसरा खळगा श्रेय घेण्याचा आहे, आणि तो सर्वात फसवा. समजा एका ठिकाणी एका वर्षी सात अपघात झाले. ओरड झाली, फलक लागले, पुढच्या वर्षी तीनच झाले. फलक लागू पडले का? ताप १०३ वर गेला की घाबरून गंडा बांधतात आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला की श्रेय गंड्याला जाते. अपघातांच्या संख्येत दरवर्षी चढउतार होतच असतो. आपण जागा निवडतो तीच नेमकी तिच्या वाईट वर्षानंतर, त्यामुळे काहीही न करता पुढचे वर्ष बहुधा बरे जाते. संख्याशास्त्र याला सरासरीकडे परतणे म्हणते. यावर तोड म्हणजे एका वर्षावर न विसंबता किमान तीन-पाच वर्षे बघणे आणि जिथे काहीच केले नाही अशा सारख्या जागांशी तुलना करणे.

हीच खबरदारी यशोगाथा वाचतानाही घ्यावी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महिंद्र यांनी शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून काम हाती घेतले. त्या वर्षी या मार्गावर १५१ माणसे दगावली होती, २०२० मध्ये ६६. घट मोठी आहे, पण २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, तेव्हा घटीतला काही वाटा ओस पडलेल्या रस्त्याचाही मानला पाहिजे. एवढे वजा करूनही त्या कामाची पद्धत शिकण्यासारखी आहे. एकेका अपघाताचा छडा लावायचा, गाडी कशावर आदळली ते बघायचे आणि ती वस्तू हलवायची किंवा झाकायची. उघडे काँक्रीटचे कोपरे, कठड्यांची मोकळी टोके, दुभाजकातल्या अनधिकृत वाटा, कडेला बेकायदा थांबलेले ट्रक.

या पद्धतीमागे अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅडन यांची जुनी, साधी मांडणी आहे. अपघात तीन टप्प्यांत पाहायचा : धडकेआधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर. प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि रस्ता यांचे काय चालले होते ते लिहायचे. नऊ चौकटी भरतात. आपल्या फिर्यादीत त्यातली एकच चौकट भरलेली असते : धडकेआधी माणसाने काय केले. चालकाला डुलकी लागली, हे गाडी रस्ता सोडण्याचे कारण झाले. पण तो मेला तो पट्टा नव्हता म्हणून, गाडी झाडाऐवजी कठड्यावर आदळली असती तर वाचला असता म्हणून, की रुग्णवाहिका यायला उशीर झाला म्हणून? अपघाताचे कारण आणि मृत्यूचे कारण वेगवेगळे असू शकते. माणसाची डुलकी पूर्णपणे थांबवणे कोणाच्या हाती नाही. कठडा बसवणे हातातले आहे. स्वीडनने १९९७ मध्ये आपले रस्ताधोरणच या विचारावर उभे केले : माणूस चुकणारच, त्या चुकीला मृत्यूची शिक्षा होऊ नये असा रस्ता बांधायचा.

वेगाचेही तसेच. आपल्या राष्ट्रीय अहवालांत सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या नावावर असतात. यातला बराचसा भाग त्या ठरलेल्या वाक्याचाच परिणाम असू शकतो, कारण ‘भरधाव’ हा शब्द बहुतेक फिर्यादींत आपसूक येतो आणि वेग प्रत्यक्ष मोजलेला क्वचितच असतो. याचा अर्थ वेग निर्दोष आहे असा नाही. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थ एवढाच की फिर्यादीतला शब्द म्हणजे मोजमाप नव्हे. वेग मोजायचा तर अपघात नसलेल्या दिवशी, सामान्य वाहतुकीत, यंत्र लावून मोजावा लागतो.

आणखी एक उणीव नोंदीत न आलेल्या माणसांची. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ मृत्यूंच्या तुलनेत जखमी नोंदले गेले ४,४३,३६६, म्हणजे एका मृत्यूमागे तीनही नाहीत. रस्त्यावर प्रत्यक्ष बघणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही. मृत्यू लपत नाही, पण दुचाकी घसरून पाय मोडलेला कामगार थेट जवळच्या हाडांच्या दवाखान्यात जातो. विम्याचा दावा नसेल तर पोलिसांपर्यंत पोहोचतच नाही. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतात जखमींची नोंद फार तोकडी असते हे वर्षानुवर्षे मांडले. म्हणजे पोलिसांच्या नकाशात दुचाकीस्वारांचा आणि पादचाऱ्यांचा धोका कमीच दिसतो. तरीही २०२२ च्या मृतांमध्ये दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के होते. हा खड्डा भरायला दुसऱ्या नोंदी आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका, ग्रामीण रुग्णालयांची अपघात विभागाची वही, विमा कंपन्यांचे दावे. १०८ ची गाडी कुठे गेली होती त्या ठिपक्यांचा थर पोलिसांच्या ठिपक्यांवर ठेवला की पोलिसांच्या यादीत नसलेल्या जागा वर येतात.

एवढे सगळे केले तरी एक प्रश्न उरतो, तो काळजाला लागणारा आहे. ब्लॅक स्पॉट ठरायला पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. तोवर थांबायचे का? नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पाने याला एक उत्तर शोधले. महापालिकेच्या बसगाड्यांवर पुढचा रस्ता पाहणारे कॅमेरे बसवले. पुढचे वाहन किंवा पादचारी फार जवळ आला की यंत्र चालकाला इशारा देते आणि तो इशारा कुठे दिला याची नोंद होते. अपघात झालेलाच नसतो, होता होता वाचलेला असतो. असे इशारे एकाच जागी सारखे पडू लागले की ती जागा धोक्याची, तिथे अजून कोणी मेलेले नसले तरी.

मुळशीत कॅमेरे नसले तरी अशा खुणा रस्त्यावर पडलेल्या असतात. वळणावर डांबरावर उमटलेले टायरचे काळे पट्टे, पुन्हा पुन्हा चेपणारा कठडा, कडेला साठलेल्या काचा, फाट्यावर दर महिन्याला मोडणारा दिशादर्शक खांब. चहावाल्याला, पीएमपीच्या चालकाला, शाळेच्या रिक्षावाल्याला ठाऊक असते की अमुक ठिकाणी ‘रोज एक तरी वाचतो’. ही माहिती नोंदवण्याची जागा नसते, एवढीच तिची अडचण. ग्रामपंचायतीने अशा जागांची तारीख, वेळ आणि मोबाइलवरचे ठिकाण यांसह साधी वही ठेवली, तर ती ई-डारच्या ठिपक्यांना पूरक पुरावा ठरते.

ती वही घेऊन जायला दारही आहे. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती आहे. पोलीस, बांधकाम, परिवहन आणि आरोग्य ही चारही खाती तिथे एका टेबलाशी येतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड लहान आहे. पण रस्त्यालाही आरोपी करता येते हे कायद्याने मान्य केले, हे महत्त्वाचे. आणि तसे करायचे तर पुरावा लागतो. दृष्टिअंतर किती, मानक किती, अपघात किती आणि कोणत्या प्रकारचे. म्हणजे तोच धडकेचा आराखडा.

मुळशीच्या रस्त्यांविषयी समितीत मागण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि रायगड या चारही पोलिसांचे ठिपके असलेला चांदणी चौक ते माणगाव असा एकच नकाशा. त्यातल्या प्रत्येक घोळक्याचा, जागेवर जाऊन काढलेला बाणांचा आराखडा. आणि जिथे काम झाले म्हणून सांगितले जाते, तिथले कामाआधीच्या तीन आणि नंतरच्या तीन वर्षांचे आकडे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना लागणारी माहिती सरकारी यंत्रणेत आजच पडून आहे. तिसरीसाठी मात्र दरवर्षी कोणीतरी जाऊन विचारत राहिले पाहिजे.